तीन वेळा फोन, उत्तर नाही

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळही लिहिली नाही, कारण गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणं हा मला कायम रिकामटेकड्यांचा उद्योग वाटत आला. तुलाही वाटला असता. बोलायचंय तर समोरच्याशी बोल, असं म्हणून तू कुकर लावायला गेली असतीस. पण समोरच्याशी बोलून झालंय, आई. ते जे काही झालं ते इथे घरात कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि पोटात ठेववत नाही, म्हणून तुझ्याकडे आले.

चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. बाबा रेल्वेत कारकून, तू लग्न होऊन सोलापूरहून आलेली आणि टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मी शाळेतून तमिळ बोलतच घरात शिरायची. ‘अम्मा’ म्हटलं की तुला ऐकूच येत नसे. तव्यावरचा डोसा करपला तरी चालेल, पण ‘आई, भूक लागली’ म्हटल्याशिवाय तो माझ्या ताटलीत पडत नसे. मला भयंकर राग यायचा. वर्गात एकीलाही मराठी येत नव्हतं, या शहरात त्या भाषेचं मी काय लोणचं घालू, असं एकदा मी तुला तमिळमध्येच विचारलं होतं. तू शांतपणे उलथनं फिरवत म्हणालीस, राहू दे जिभेवर, ती काही तुझ्याकडे खायला मागत नाही.

एकदा सुट्टीत तू मला तुझ्या ऑफिसात नेलं होतंस. लांबच लांब फळीसमोर तुम्ही सगळ्या बायका डोक्याला ते यंत्र लावून ओळीने बसलेल्या, आणि समोर भोकंच भोकं. तू एक वायर उचलतेस, खुपसतेस, आणि थांबतेस. बाकीच्या वायर खुपसून लगेच दुसरीकडे वळत होत्या, तू वळत नव्हतीस. पलीकडून ‘हॅलो’ ऐकू आलं की मगच तुझा हात सुटायचा. सुपरवायझरबाई तुला हळू म्हणायच्या, आणि तू मान डोलावून पुन्हा तेच करायचीस.

आणि त्या दिवशीचं बोलणं तर मी कधीच विसरले नाही. तुझ्या नोकरीमुळे आपल्या अख्ख्या ओळीत आपल्याकडेच फोन होता. खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजारीण मामींच्या भावाला बरं नाही, त्यांना सांगा, असा तंजावरहून फोन आला. मी अकरा वर्षांची. गॅलरीतून दोन हाका मारल्या, दार बंद होतं, आले आणि फोनवर ‘सांगते’ म्हणून खेळायला गेले. तू ड्यूटीवरून आल्यावर मी सहज म्हटलं, मामींचा निरोप होता, मी हाका मारल्या. तू चप्पलही काढली नव्हतीस. तुझा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे, हेच वाईट.

“तोंडातून सोडला म्हणजे निरोप दिला होत नाही. तिच्या कानात पडला म्हणजे दिला. जा, खाली पायरीवर बस ती येईपर्यंत.”

मी दोन तास पायरीवर बसले. मामी देवळातून आल्या, मी सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि तशाच बस स्टँडकडे निघाल्या. मी कानाला खडा लावला. निदान मला तसं वाटत होतं.

पुढे तू गेलीस, मी सांख्यिकीत एम.एस्सी. करून सरकारी आरोग्य खात्यात लागले, आकडे मांडायच्या टेबलावर. मग ती साथ आली. तुझ्या वेळी असं काही नव्हतं, त्यामुळे सांगते. रोज सकाळी प्रयोगशाळांतून बाधित लोकांची यादी यायची. नाव, वय, पत्ता, फोन. प्रत्येकाला फोन करायचा, कुठे आहात, ताप किती, श्वास लागतो का, घरात कोण, गेल्या आठवड्यात कोणाला भेटलात, आणि मग त्या भागातल्या आरोग्य कर्मचाऱ्याला त्याच्या दारात पाठवायचं. अण्णा नगरमधल्या एका ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर आम्ही असे बसलो होतो, ओळीने, कानाला फोन लावून. मला तेव्हा तुझी आठवण आली होती. आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू. चार दिवसांत सगळ्यांना कळलं की बाईंना मराठी येतं, आणि गिंडीतल्या, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत कामाला आलेली महाराष्ट्रातली माणसं माझ्याकडे यायला लागली. फोनवर मराठी ऐकून तिकडून रडू फुटायचं कोणाला. मी मनात तुला म्हणायची, बघ, लागली कामाला तुझी जीभ.

एक नियम होता. ज्याचा पत्ता आपल्या जिल्ह्यातला नाही त्याची ओळ त्याच्या जिल्ह्याकडे पाठवायची आणि आपल्या यादीतून काढायची. पण त्याआधी वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन करून माणूस खरंच इथे नाही याची खात्री करायची, आणि तसा शेरा लिहायचा. दुसऱ्या लाटेत यादी इतकी लांब झाली की खाली सरकवताना बोट दुखायचं. चारच्या आत यादी बंद करून वर पाठवायची, ती कधी चारला बंद झाली नाही. त्या दिवशी साडेचार वाजून गेलेत, आमचे साहेब मागे येऊन उभे आहेत, आणि माझ्यासमोर एक ओळ आहे. पुरुष, चौतीस वर्षं, पत्ता लातूरकडच्या एका गावचा, आधार कार्डावरून उतरवून घेतलेला. मी फोन लावला. वाजला, वाजला, उचलला नाही. त्या दिवसांत माणसं मिळेल त्या गाडीने गावी जात होती. मी मनाशी म्हटलं, गेला असेल हाही. आणि आई, मला बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला, एक ओळ कमी झाली. शेऱ्यात लिहिलं, तीन वेळा फोन, उत्तर नाही. ओळ लातूरला पाठवली. फोन मी एकदाच केला होता.

तो गावी गेलाच नव्हता. इरुंगाट्टुकोट्टैत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला होता, आणि तिथेच जवळ एका दुकानाच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत तापाने पडून होता. खोलीतले दोघे सोबती भिऊन गावी निघून गेले होते. त्याने तपासणीच्या वेळी घरचा, बायकोचा नंबर दिला होता, की काही झालं तर तिला कळावं. मी फोन केला तेव्हा ती शेतात होती आणि फोन घरात होता. मी संध्याकाळी सातला पुन्हा केला असता तर तिने उचलला असता. तिने सांगितलं असतं, तो तिकडेच आहे, त्याला ताप आहे, बघा हो कोणीतरी. आणि मी रात्रीच्या आत माणूस पाठवला असता, कारण ते मला येत होतं, आई, ते मी रोज करत होते.

तिकडे गावात आशाताई कागद घेऊन त्यांच्या दारात गेली. घरच्यांनी सांगितलं, तो चेन्नईला आहे. तिने तसं कळवलं, आणि ती ओळ आमच्याकडे परत आली, परत आलेल्यांच्या वेगळ्या यादीत, जी त्या आठवड्यात कोणी उघडलीच नाही. त्याची बायको तिच्या फोनवर उरलेल्या आमच्या नंबरवर फोन लावत राहिली, तो लागेना. पाचव्या दिवशी लागला आणि नेमका मीच उचलला. ती हिंदीत चाचपडत होती. मी म्हटलं, मराठीत बोला. ती म्हणाली, ताई, माझा माणूस दोन दिवस झाले फोन उचलंना.

तासाभरात आमची माणसं त्या खोलीत पोहोचली. तो शुद्धीवर होता, पण बोलता येत नव्हतं. हॉस्पिटलात चार दिवस काढले त्याने. डॉक्टर मला तमिळमध्ये सांगायचे, मी तिला मराठीत सांगायची, एका कानाला एक फोन, दुसऱ्या कानाला दुसरा. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी जे सांगितलं तेही मीच सांगितलं. ती बोलेना, तर मी पुन्हा सांगितलं. तिच्या कानात पडल्याची खात्री केली आणि मगच फोन ठेवला. तुझ्या शिकवणीप्रमाणे एवढा एकच निरोप मी नीट पोहोचवला.

त्या दिवशी अमावास्या होती. पुढच्या अमावास्येला तिचा माझ्या मोबाइलवर फोन आला. हॉस्पिटलच्या दिवसांत मीच तो नंबर दिला होता. मला वाटलं मृत्यूच्या दाखल्यासाठी काही कागद हवा असेल. तसं काही नव्हतं. म्हशीला रेडी झाली, मुलगी तिसरीत गेली, सोयाबीनचं बी आणलं. पाच मिनिटं बोलून म्हणाली, बराय ताई, अजून काय? आणि वाट बघत राहिली. मी म्हटलं, काही नाही, काळजी घ्या. मग दर अमावास्येला. एकदाही चुकली नाही. शेवटी तेच, अजून काय ताई? माझ्या स्वयंपाकघरात रोजचं पान फाडायचं तमिळ कॅलेंडर आहे, त्यावर अमावास्येला काळा ठिपका असतो. दोन दिवस आधीपासून मी पानं उचलून तो ठिपका बघायची. फोन वाजला की हातातलं भांडं सुटायचं. ह्यांना वाटायचं मला बी.पी. झालंय. झोपेत मला त्याची ओळ दिसायची, सगळ्या ओळी सरकतायत आणि ती एकटी सरकत नाही. चिडचिड व्हायची माझी, काय गं बाई, किती छळशील, तुझ्या म्हशीचं मी काय करू? असं मोठ्याने म्हणायची, फोन ठेवल्यावर.

या वर्षी गावातल्या बायकांबरोबर ती बसने तिरुपतीला आली. एक दिवस काढून चेन्नईला येते म्हणाली, ती खोली बघायची होती तिला. मी गाडी केली आणि तिला घेऊन गेले. बारीकशी, नीटनेटकी बाई, माझ्यापेक्षा बरीच लहान. रस्ताभर तिने खिडकीबाहेर बघितलं. खोलीत आता दुसरे कामगार राहतात, ते पाळीवर गेले होते. घरमालकिणीने कुलूप उघडून दिलं. ती आत गेली, भिंतीला हात लावला, खिडकीपाशी उभी राहिली. मग मला म्हणाली, ह्यांना इचारा, इथून हाक मारली तर खाली ऐकू जाती का? मी तमिळमध्ये विचारलं. मालकीण म्हणाली, खाली लॉऱ्या चालू असतात दिवसभर, कसं ऐकू येणार. मी ते तसंच मराठीत सांगितलं.

परतताना हमरस्त्यावर चहा घेतला. मी तिथे सांगितलं. तुमच्या माणसाचं नाव मीच इथल्या यादीतून काढून लातूरला पाठवलं होतं, तो इथे आहे की नाही हे न बघता. चूक माझी होती. एवढंच म्हणाले मी. फोनचं काही बोलले नाही, ते तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. ती चहाचा घोट घेत होती, तो तिने गिळला.

“मला ठावं होतं, ताई. आशाताईनं तवाच कागद वाचून दाखवला, तुमचं नाव होतं खाली. तीन बार फोन केला म्हणून लिव्हलं होतं. माझ्या फोनवर एकच आल्ता.”

मला वाटलं आता ती ओरडेल, निदान रडेल. मी विचारलं, मग इतकी वर्षं मला फोन का करत होतात? ती म्हणाली, वाटायचं, आज सांगतील. मग तिने ग्लास कुठे ठेवायचा ते विचारलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, नाही केलं असंही नाही. मी तिला तिरुपतीच्या बसमध्ये बसवलं, तिने हात जोडले आणि बस गेली.

त्यानंतर सहा अमावास्या झाल्या, तिचा फोन आला नाही. ह्यांनी परवा विचारलं, ती तुझी लातूरची बाई हल्ली फोन करत नाही वाटतं? मी म्हटलं, कामात असेल. हे सगळं मी ऑफिसच्या एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. तुला पाठवायला पत्ता नाही आणि फाडायला हात होत नाही, तेव्हा वही कपाटात जाईल. पण तू अजून थांबली असशील, हात न सोडता, तर ऐक. त्या चहाच्या टपरीवर मी तिला खरं सांगितलं ते तिचा हक्क होता म्हणून नाही. एकदा सांगितलं की ती चिडेल आणि पुन्हा फोन करणार नाही, असं मी सकाळी गाडी ठरवतानाच मनाशी ठरवलं होतं. मला ते फोन बंद व्हायला हवे होते.