नावाने हाक

८ जानेवारी
मेथी निवडत बसले होते. तेजलने टीव्हीवर तिचं जपानी कार्टून लावलं. म्हटलं, घोडी झालीस, ऑफिसात जातेस, अजून कार्टून? "आई, ॲनिमे म्हणतात त्याला. गप बघ ना."
बघितलं. छोट्या गावातली बेकरी. तिथे कामाला एक पोरगा आणि एक चष्मेवाली. मारामारी नाही, व्हिलन नाही, सासू नाही. तिला पावाची कडक कड आवडते म्हणून तो रोज कड बाजूला ठेवतो. बस, एवढंच. आणि मी मेथी हातात धरून बसलेय!
हे खाटेवरून टीव्ही बघत होते की वरची भिंत, देव जाणे. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात आणि बोलणं, दोन्ही अर्धं.

११ जाने.
बोलणं शिकवणाऱ्या मॅडम आल्या, मुलुंडहून. चमचा दाखवला, "चमचा." कंगवा, "कंगवा." मग माझ्याकडे बोट. "काका, ह्या कोण?" बराच वेळ बघितलं. "ती." ती कोण? "तीच ती."
मॅडम म्हणाल्या, काळजी करू नका, नाव आठवेल. अहो, आठवायला आधी कधी घेतलेलं नको? चौतीस वर्षं "अगो", "ऐकलंस काय", नाहीतर नुसतं घसा खाकरणं. सासरे-सासूबाईंचंही असंच. भांडुपच्या अख्ख्या चाळीत असंच. कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.
मग आज भांडी घासताना नळ मोठा सोडून रडले कशाला?

१६ जाने.
दोन भाग बघितले. तेजल खालची इंग्रजी वाचून सांगते. पोरगा अजून तिला आडनावानेच बोलवतो, तानाका-सान, तानाका-सान. तेजल म्हणाली, त्यांच्यात नावाने हाक म्हणजे फार जवळचं, खूप मोठी गोष्ट. म्हटलं, आमच्यात उलटं गं. शेजारणीला नावाने बोलवतील, बायकोला खाकरतील.
तेजल हसली. मग हसायची थांबली.

१८ जाने.
हळदीकुंकू. बायका सोडतात होय! "नाव घ्या, नाव घ्या." घेतलं.
"तिळगुळाची वडी, वर खोबऱ्याचा कीस,
...रावांच्या घरात माझा गोड प्रत्येक दीस."
(इथेसुद्धा त्यांचं नाव लिहवत नाही. काय ही सवय!)
आत हे जागे होते. ऐकलं असणार. मी निदान उखाण्यात तरी घेते. ह्यांना पूजेला सगळे म्हणायचे, घ्या, घ्या. "ऱ्हवांदे रे," म्हणून लाजून उठायचे. वाईट नव्हते हो. त्यांच्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा गुपचूप माझ्या ताटात यायचा. पावाची कडच ती. पण...

२१ जाने.
दहावा भाग. तो तिला स्टेशनवर सोडायला जातो. ती वळते, आणि हा मागून, "नाओ." नुसतं नाव. ती तशीच उभी. मी हुंदके देऊन रडले. तेजल घाबरली. "आई, फक्त नाव घेतलं गं त्याने!"
फक्त?
मलाही ऐकायचंय. एकदा. ह्यांच्या तोंडून, माझ्याकडे बघून. ह्या वयात वेड लागलंय, लागू दे.

२२ जाने.
मॅडमना लाजत लाजत सांगितलं. त्यांनी माझा फोटो कार्डावर चिकटवला, खाली लिहिलं, सुहासिनी. सु-हा-सि-नी. हे बिचारे घाम पुसत म्हणाले, "सुहासिनी." पण बघत होते कार्डाकडे. चमच्याचं म्हणतात तसंच.

२७ जाने.
रोज घोकून घेते. आज कार्ड लपवून विचारलं, सुहासिनी कोण? "म्हायत नाय." झालं, सगळ्यावर पाणी.

२९ जाने.
दुपारी कंटाळा आला म्हणून तो दहावा भाग पुन्हा लावला. तेजल ऑफिसात. भाषा कळत नाही, पण आता लागत नाही. स्टेशन आलं. "नाओ." आणि मागून, खाटेवरून, स्वच्छ:
"कुसुम खंय गेली?"

कुसुम मी. माहेरची. लग्नात ह्यांनीच ताटातल्या तांदळांत अंगठीने सुहासिनी लिहिलं, नणंदेने निवडलेलं. त्या दिवसापासून कुसुम संपली. भाऊ म्हणायचा, तोही गेला. मी वेडी, तांदळातलं नाव घोकून घेत होते. ह्यांच्याकडे होती पोह्यांचा ट्रे धरलेली पोरगी, चेंबूरला माझ्या मामाकडे मला बघायला आले तेव्हाची. इतकी वर्षं मनात जपलेली, आणि मला पत्ता नाही!
माझ्याकडेच बघून विचारत होते. मला विचारत होते, ती कुठे गेली.
तोंडून निघालं, "बाजारात गेली हा. येतली."

१ फेब्रुवारी
रोज विचारतात. "कुसुम इली?" मी, "येतली." दाराकडे बघत बसतात. चहा दिला तर म्हणाले, "तिका ठेव."
तेजल चिडली. "आई, सांग ना, मीच कुसुम!" कसं सांगू? पांढरे केस, हे दंड. नीट निरखून बघितलं आणि "तू नाय" म्हणाले तर? आत्ता निदान वाट तरी बघतायत माझी.

३ फेब्रु.
तेजल म्हणते शेवटचा भाग बघू. नको म्हटलं. आधी माझं होऊ दे.
ठरलं. उद्या विचारलं की सांगायचं. होऊन होऊन काय होईल?

४ फेब्रु.
सकाळी न्हाले. अबोलीचा वळेसर माळला, बघायला आले तेव्हा होता तसा. पोहे केले. ह्यांच्यासमोर स्टुलावर बसले. आरशासमोर म्हणून बघितलं होतं, "मी हंयच आसंय." इथेच आहे, कुठे गेले नाही.
पोहे खाल्ले. दुपारी झोपले. चार वाजता चहा घेतला. दाराकडे बघितलं नाही.
दिवे लागले. तेजल आली, माझ्या केसांतला सुटलेला वळेसर नीट खोचून दिला.
आज विचारलं नाही.