अडीच परस पाणी

प्रिय ज्ञानू,

पत्र लिहायला बसलो तर तुझी आई हसली. म्हणाली, मोबाईल काय दगड फोडायला घेतलाय का? पण फोनवर मी ‘जेवलीस का’च्या पुढं जात नाही अन् तू ‘हो’च्या पुढं जात नाहीस. अकरा वर्षं हेच चाललंय. दिवाळीला आईच नाशिकला येते, तू काही पाथर्डीची एसटी धरत नाहीस. गावाला वाटतं, पोरगी पाण्याच्या खात्यात साहेबीण झाली अन् गाव विसरली. खरं कारण तुला अन् मलाच ठाऊक. तू घरी यावंस, एवढंच आता मला पाहिजे.

इकडं बाजरी निसवायला आलीय, कणसं डोकावायला लागलीत. शेळीला दोन पाठी झाल्या, आई त्यांना घरातच घेऊन बसते, मला मात्र ओट्यावर बसवते. शाळेत धनश्री बाई म्हणून नव्या आल्यात. दिसायला एवढ्याशा, पण अख्ख्या गावाला कामाला लावतील अशा. त्यांना शाळेच्या कपाटात तुमची ती दोरी सापडली, पुरुषभर उंचीचा एक परस धरून परसापरसाला गाठ मारलेली. हे काय म्हणून त्या गावभर विचारत फिरल्या. माझ्याकडंही आल्या. मी म्हणालो, आठवत नाही बाई. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

न आठवायला काय झालं? कल्याण गुरुजी पोरांना घेऊन विहिरी मोजायचे. दसऱ्याला सातवीतल्या पोरानं किंवा पोरीनं ग्रामसभेत उभं राहून गावविहिरीचं पाणी सांगायचं, अन् गावानं ते ऐकायचं. तीन परसाच्या वर असलं तर गहू, खाली असलं तर ज्वारी-हरभरा. आधी मी हसलो होतो, बापांनी काय पेरायचं ते आता लेकरं सांगणार! पण तीन वर्षं उन्हाळ्यात टँकर आला नाही. उसाला जाणारी पाच-सहा घरं गावात राहिली. छबूबाईचं घर त्यातलंच, म्हणून तर तिची पंकजा तुझ्याशेजारी बाकावर बसायची.

मग आकडा सांगायची तुझी वेळ आली. आदल्या दिवशी गुरुजी गावात नव्हते, तू एकटीच मोजून आलीस, अडीच परस. अन् मी गव्हाचं बियाणं आणून ठेवलेलं, नदीकडच्या तुकड्याची नांगरट झालेली. मी तुला म्हणालो, उद्या चार सांग. तू म्हणालीस, अण्णा, अडीचच हाय. मी डोळे वटारले. तेरा वर्षांची पोर तू, बापापुढं किती टिकणार? तू सभेत चार म्हणालीस अन् सगळ्या गावानं गहू पेरला.

पुढचं तू पाहिलंस. गहू पोटरीत असतानाच, ओंबी बाहेर पडायच्या आत, विहिरींनी तळ गाठला. छबूबाई लेकरांसकट श्रीगोंद्याकडं उसाला गेली. पंकजाची शाळा सुटली ती सुटलीच, वर्षाच्या आत लग्न लागलं. अन् गाव भडकलं तेव्हा चारचौघांत सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो, पोरींच्या हातात दोरी दिली की असंच व्हायचं! तू माझ्याकडं नुसतं बघितलंस. तोंडातून शब्द काढला नाहीस. बापाची अब्रू तेरा वर्षांच्या पोरीनं राखली अन् बापानं तिची घालवली. मोजणी बंद पडली, तू मामाकडं नगरला गेलीस. त्यानंतर गावानं नुसती बोअरं पाडली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत धनश्री बाई उठल्या. म्हणाल्या, मोजणी परत सुरू करू. लगेच चार-पाच जण उसळले, नको, मागं या भागवतच्या पोरीनं चुकीचं मोजून गाव बुडवलं. बाई खाली बसायला लागल्या. मला वाटलं, या आता बसल्या तर आपल्या गावातलं एकही पोर पुन्हा विहिरीत डोकावणार नाही. मी उठलो.

“पोरीनं बरोबर मोजलं होतं. अडीच परस. चार सांग म्हणून मी तिला दम दिला.”

मघाशी उसळलेले माना खाली घालून बसले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग छबूबाई उठली. वाटलं, आता ही चप्पल काढते, अन् काढली असती तरी मी हललो नसतो. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. बाईंना म्हणाली, मोजणी सुरू करा. अन् जाताना माझ्यासमोर थांबली.

“अकरा वर्षं मी त्या पोरीला बोल लावला. तिला सांगा, छबूनं बोलावलंय.”

म्हणून हे पत्र. दसऱ्याला पोरं विहीर मोजणार आहेत. पंकजा येणार आहे, तिची लेक घेऊन. मोजायचं कसं ते तू दाखवावंस असं गावानं ठरवलंय. मी बोलावत नाही ज्ञानू, तो हक्क मी घालवला. छबूबाईच्या बोलावण्यानं ये. उतर तिच्याकडंच. मी सभेत मागच्या बाजूला बसेन, माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. तू आकडा सांग, तो म्हणेल तेच आम्ही पेरू.

तुझाच,
अण्णा