जुन्या चिपांना जुळणारी मेमरी

मुलुंड, रविवार, १९८८

जमलं! उद्या कारखान्याचे साहेब मी लिहिलेला कामगारांच्या पगाराचा प्रोग्राम बघायला घरी येणार, आणि कॉम्प्युटरची मेमरी त्याला पुरतच नव्हती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कुठलीही चिप घ्या, सगळ्या सेम." पण आमच्या जुन्या चिपांवर नंबरच्या शेवटी पंधरा लिहिलंय, त्याच्या चिपांवर वीस. हा आकडा लागणाऱ्या वेळेचा, म्हणजे त्या हळू चालणाऱ्या. उगाच हट्ट करतेय का मी? तरी अडून बसले, पंधरावाल्याच हव्यात. शेवटी त्यानं आतून काढून दिल्या.

संध्याकाळी एकेक चिप दाबून बसवली. नवरा बटणापाशी उभा. "सुमे, वाट लागली तर?"

"तू चालू कर रे!"

पडद्यावर मेमरीचा आकडा चढत गेला, थेट पूर्ण सहाशे चाळीस केबीपर्यंत. प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. आमची आरडाओरड ऐकून शेजारच्या वहिनी धावत आल्या, "कोण पास झालं गं?"

म्हटलं, "मी!"