दोरच तर मागितलान

२८ एप्रिल, सोम.
रविवारच्या कॅम्पसाठी दोराची पिशवी उघडली नि नाक दाबलं. आंब्याचा चीक, डिझेल, वर पेंढ्याच्या काड्या. शी! शाळेतल्या बावीस मुली या दोरावरून समुद्राकडचा कडा उतरणार आहेत. दोरावर कुणाचा पाय पडला तरी मी शिव्या घालते, आणि इथे कुणीतरी आंब्याच्या पेट्या आवळल्यान! उद्या सगळा बोटांतून काढते.

२९, मंगळ
कॉलेजच्या लॅबमधून आले ती चहा न घेता पडवीत बसले. वीत वीत करून दोर तपासला. अर्ध्याच्या जरा पुढे बोट आत गेलं. वरून धड, आत पिकलेल्या केळ्यासारखा मऊ.
आमच्या गिर्यारोहण क्लबात आंब्याची बाग एकाचीच, सुरेशदादाची. मध्ये आठवडाभर पिशवी त्याच्याकडेच होती. क्लबचा म्होरक्या! कड्यावर नारळ ठेवून राखणदाराला गाऱ्हाणं घालणार, 'लेकरांना सुखरूप उतरव रे महाराजा', आणि घरी जाऊन त्याच दोराने टेंपो बांधणार. देवाला कामाला लावायचं नि आपण मोकळे. किळस आली मेल्याची.

१ मे, गुरु.
मीटिंग. दोर सगळ्यांदेखत सुरेशदादाच्या पुढ्यात टाकला.
"माझ्या हातून नाही झालेलं, माधवी."
"मग काय राखणदाराने बांधल्यान पेट्या?"
दोघं-तिघं फिसकन हसले. दादाने ती मऊ जागा चाचपून बघितलीन. सुरी माझ्याच हातात दिलीन. "काप. पुन्हा कुणी वापरायला नको."
कापला. तुकडे तुकडे केले. आवाज चढवला असतान तर बरं होतं. त्या साळसूदपणाचीच जास्त शिसारी आली.

२ मे, शुक्र.
शेजारचा मन्या हापूसची पेटी ठेवून गेला. कशाबद्दल, बाबांना विचारलं.
"दोराबद्दल गो. त्याच्या टेंपोचा तुटला, म्हणून आपला नेलान. काम झाल्यावर आणून ठेवलान हो परत. प्रामाणिक माणूस."
"बाबा, मुली लटकणार होत्या त्यावर!"
"अगो, दोरच तर मागितलान. जीव नाही मागितलान."
शेजाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, ही या घराची रीत. आणि पिशवी उघड्या पडवीत टाकणारी मी. बाबांनी आंबा कापून पुढे केला. त्या वासाने मोरीत जाऊन ओकले.
संध्याकाळी मन्या पुन्हा दारात. दोर मोकळा आहे का, आणखी एक खेप आहे म्हणे.

३ मे, शनि.
दादा भर उन्हात बाइकवरून चिपळूणला जाऊन मित्राचा दोर घेऊन आला. घामाने निथळत होता. पिशवी माझ्याकडे दिलीन.
"तूच तपास. तुझ्या बोटांवर माझा भरवसा आहे."
खरं काय ते सांगायचं ठरवून गेले होते. "बरं" म्हटलं नि परत आले. थू माझ्यावर.

४ मे, रवि.
बावीसच्या बावीस उतरल्या. एक वरती भोकाड पसरून बसलेली, खाली पोचल्यावर म्हणे पुन्हा उतरायचंय.
सकाळी दादाने गाऱ्हाणं घातलंन. नेहमीचं सगळं म्हणून झाल्यावर पुढे जोडलंन, "आणि दोराच्या बाबतीत ज्या कुणाच्या हातून चूक झाली असेल, त्याला पदरात घे रे महाराजा."
सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"
मी तेवढी खाली बघून कमरेच्या पट्ट्याचं बक्कल आवळत राहिले. दादाने बघितलंन माझ्याकडे. की मलाच वाटलं? कळलंय का त्याला? मन्या बोलला असेल तर...
"चल माधवी, पहिली तू," म्हणाला. माझा सेफ्टीचा दोर दुसऱ्या कुणाला दिला नाहीन, स्वतः कमरेला लावून बसला.
अर्ध्या कड्यावर थांबून वर बघितलं. दोन्ही हातांनी दोर धरून वाकून बघत होता. "काय गो, ठीक ना?"
"हो," म्हटलं.
तेवढंच म्हटलं.