पांढरीतली बाई

४ एप्रिल २०२४
आले एकदाची संभाजीनगरात! क्रांती चौकामागच्या गल्लीत खोली मिळाली. इथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही आलं तर. मी बॅगा टेकवल्या आणि नेमका टँकर आला. घरमालकीण आशाबाई खूश होऊन म्हणाल्या, पोरी, तुझा पायगुण लई चांगला हाय. पहिल्या नोकरीची पहिली शाबासकी मिळाली ती टँकरमुळे! फुलंब्री रस्त्यावर काकासाहेब म्हणून कुणी बिल्डर आहेत, त्यांचं व्यापारी संकुल उभं राहणार आहे. त्याआधी जमिनीखाली काही जुनं आहे का, ते आमच्या संस्थेने तपासायचं. संस्था सुयशसरांची, पण अहवालावर सही माझी. आईला फोनवर हे दोनदा ऐकवलं.

९ एप्रिल
साइटवरच्या टेकाडाची माती पांढरी आहे. गावाकडे याला पांढर म्हणतात, म्हणजे इथे कधीकाळी माणसं राहत होती. चाचणीच्या खड्ड्यात रंगीत खापरं निघाली आणि गारगोटीची एक पातळ पाती. तीन हजार वर्षांनीही तिने माझा अंगठा कापला. माझ्या स्वयंपाकघरातल्या सुरीने टोमॅटोही कापत नाही. ऊन मी म्हणतंय, पण मी भलतीच खुशीत आहे.

१५ एप्रिल
खड्ड्यात त्या काळच्या एका घराची जमीन लागली आणि तिच्याखाली एक बाई सापडली. सांगाडा शाबूत, फक्त दोन्ही पावलं नाहीत, घोट्याच्या वरून कापलेली. त्या काळच्या वस्त्यांत असं करत. मेलेलं माणूस घरातच पुरायचं आणि पावलं काढायची, म्हणजे ते घर सोडून जात नाही. पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं आणि गलबलून आलं.

दुपारी काकासाहेब आले. हे अहवालात गेलं तर काम अडणार, आणि त्यांना पावसाआधी पाया भरायचाय. सुयशसरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, संध्याकाळपर्यंत खड्डा मोकळा कर आणि ‘काही आढळले नाही’ असं लिही. मी भांडले. मग नोकरीच्या भीतीने ऐकलं. खड्ड्यावर कामाला असलेली आवडाबाई हाडांना हात लावेना. म्हणाली, घरच्या बाईला घराबाहेर काढताय, ती जाईल कुठं? शेवटी हाडं मीच उचलून एका पेटीत ठेवली. ऑफिसात पेटी ठेवायला सर तयार नव्हते. ती आता माझ्या खाटेखाली आहे. पातीही तिच्यातच ठेवली.

२२ एप्रिल
सही केली. काकासाहेबांनी साइटवर पेढे वाटले. मी घेतला नाही, एवढाच माझा पराक्रम.

३० एप्रिल
क्रेनवरून सळयांचा भारा सुटला. काकासाहेबांचे दोन्ही पाय घोट्याच्या वरून गेले. बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही. अपघात आहे. साइटवर अपघात होतातच.

५ मे
भर दुपारी अर्ध्या बादलीत फरशी पुसली आणि वाळायची वाट बघत बसले. सगळी वाळली, पण खाटेपासून दारापर्यंत ओले ठसे राहिले, खाटेशी ठळक, दाराकडे पुसट होत गेलेले. तांब्याच्या बुडाएवढे गोल. बोटं नाहीत, टाच नाही. दाराला आतून कडी होती.

सरांना फोन केला. मला वाटलं, हसतील. ते हळू आवाजात म्हणाले, त्यांच्या हॉलमध्येही दुपारचं कुणीतरी खुरडत फिरतंय. पेटी कुठेतरी फेकून दे म्हणाले. मी नाही म्हटलं. पुन्हा बेघर करायची तिला?

७ मे
सुयशसर घाटी दवाखान्यात आहेत. जिवंत आहेत. फ्लॅटचं दार आतून बंद होतं. घरात धारेचं काहीच सापडलं नाही आणि दोन्ही पावलं—

पेटी उघडली. पाती ओली आहे.

८ मे
पेटी घेऊन रिक्षाने साइटवर गेले. खड्ड्याच्या जागी काँक्रीट. ठेवायला वीतभर माती नाही. तिथेच बसून रडले, तिची माफी मागितली. पेटी परत आणली. दुसरं कुठे नेणार?

मग सलग बसून खरा अहवाल लिहिला. फोटो, मापं, काकासाहेबांची आणि सरांची नावं, माझं नाव. पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयाला पाठवून दिला. आता तरी शांत होईल.

९ मे
ठसे आज उलटे आहेत. दाराशी ठळक, खाटेकडे पुसट होत गेलेले. आत आलेत, बाहेर गेलेले नाहीत.

बॅग भरली. उंबऱ्याशी घोटे बधिर झाले. मागे सरले की ठीक, पुढे पाऊल टाकलं की पुन्हा बधिर. तिचं बरोबर आहे. त्या दोघांना नुसती जमीन दिसत होती. ती कोण आहे आणि तिथे का आहे, हे मला माहीत होतं. मीच उचललं तिला.

१० मे, दुपार
पुरातत्त्व खात्यातून फोन आला. काम थांबवलंय म्हणे. मी मोठ्याने तिला सांगितलं. खाटेखाली सकाळपासून चाललेलं खुरडणं थांबलं— आणि माझ्याकडे वळलं.

तिला अहवाल नकोच होता. घर हवंय. आणि घरात एक माणूस, कायमचं—

पाती पेटीत नाही.

घोट्यावर गार लागतंय. दुखत नाही. ती हळूच, अगदी आपल्या माणसाला करावं तसं—

आशाबाई दार वाजवतायत. टँकर आलाय म्हणे, हंडा घेऊन चल. मी ओरडतेय, त्यांना ऐकू जात नाही. उठून कडी काढायला हवी, पण मला—