सहा झडपांचं दार

४ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील, ती मोडून झाली असतील तर पुढचं वाच. बाबा ठीक आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात आणि त्याहून जास्त ते स्वतः कुरकुरतात, म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

हिच्या खांद्याचं हाड जुळलं. पट्टा निघाला. डावा हात आता खांद्याच्या वर जाणार नाही आणि जोर लावला की कळ येणार, एवढं कायमचं राहील असं डॉक्टर म्हणाले. हाडाचं निभावलं, पण बाकीचं काही खरं नाही, ताई. त्या दिवशी वाऱ्याने गोठ्याच्या दाराचं अख्खं पाखं उखडून हिच्या अंगावर घातलं, तेव्हापासून हिने गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही. अंगण ओलांडते, पाण्याच्या हौदापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. दाराच्या जागी मी ताडपत्री बांधली आहे. ती फडफडली तरी ही घरात दचकते.

गाई सगळ्या हिच्या हातच्या, हे तुला सांगायला नको. आता सकाळी दूध मी काढतो आणि मग लाकडाच्या वखारीत कामाला पळतो. माझा हात लागला की त्या पान्हा चोरतात. म्हातारी गाय तर मान वळवून माझ्याकडे अशी बघते की मीच घरात नवा आलोय. परवा गुरांचा व्यापारी दाराशी आला. मी त्याला वाटेला लावणार, तेवढ्यात ही आतून म्हणाली, की विकून टाका. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. तो ऑक्टोबरअखेर पुन्हा येणार आहे. गाई गेल्या तर ही त्यांच्याबरोबर आतून निघून जाईल असं मला वाटतं. भीती वाटते, हा बरोबर शब्द.

म्हणून बाबांनी आणि मी ठरवलंय की नवं दार करायचं. जुन्यासारखी दोन अवजड पाखी नकोतच. सहा अरुंद झडपा, एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या, वर लोखंडी रूळ आणि त्यात फिरणारी चाकं. ओढलं की घडी होत होत सगळ्या एका बाजूला जाऊन उभ्या राहतील. गवताची गाडी सरळ आत जाईल आणि वाऱ्याच्या हाताला लागेल असं मोठं काही उरणारच नाही. बाबांनी हत्यारांची पेटी उघडलीये. एका बोटाने सरकेल असं दार करतो म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, पत्रातून दिसू दे.

तुझा
धाकटा


१५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एकदा कान पिरगाळून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दार डोळ्यांसमोर उभं राहिलं, बिजागऱ्यांसकट. बायको मात्र नीट दिसेना. तिला विचारलंस का रे? दार हवंय का, कसं हवंय, गोठ्यात यायचंय तरी का? की बापलेकांनी नेहमीसारखं परस्पर ठरवून टाकलं? माझ्या लग्नात बाबांनी मला न विचारता कपाट केलं होतं, ते खोलीबाहेर निघेना म्हणून चौकट फोडावी लागली. कपाट अजून माझ्याकडे आहे आणि चौकटीचा विषय बाबांसमोर अजून काढता येत नाही.

ती विकून टाका म्हणाली ते माझ्या मनाला लागलं. पण तू लगेच तिला भित्री ठरवू नकोस. मोठं दुखणं झालेल्या माणसाला सगळे सारखे सांभाळायला लागले की त्याचा त्यालाच कंटाळा येतो. माझ्या ऑपरेशननंतर तुझ्या भाऊजींनी मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. आठव्या दिवशी मी तो पेला त्यांच्या दिशेने भिरकावला.

इकडे सगळं क्षेम आहे. भाऊजींची तक्रार एकच, की घरात धड कात्री नाही. आहेत त्या सगळ्या माझ्या, डाव्या हाताच्या. तुमच्या घरची माणसंच उलटी, असं म्हणत ते दातांनी दोरा तोडतात. तीस वर्षं हेच चाललंय, आणि स्वतःची कात्री काही आणत नाहीत.

दाराचं कळव. तिचं आधी कळव.

तुझी
ताई


१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दार झालं. सुंदर झालं. आणि सगळं मुसळ केरात.

क्रमाने सांगतो. तू म्हणालीस म्हणून हिला विचारलं. नवं दार करू का म्हटलं, तर ही म्हणाली करा. एवढंच. मग आम्ही कामाला लागलो. वखारीतून हलकं आणि वाळलेलं लाकूड निवडून आणलं. त्यातल्या दोन फळ्या बाबांनी गाठी दिसल्या म्हणून माझ्याच हाताने परत धाडल्या. प्रत्येक झडपेच्या चौकटीला आतून तिरकी पट्टी घातली, म्हणजे पुढे झडप खाली झुकत नाही. दारावरची तुळई मधोमध पोट काढून बसली होती, ते रूळ लावायच्या वेळी लक्षात आलं. एक दिवस नुसता पाचरी ठोकून रूळ सपाट करण्यात गेला. मी शिडीवर, बाबा खाली लेव्हल घेऊन, आणि आमची भांडणं रस्त्यापर्यंत.

हिच्यासाठी केवढा विचार केला होता आम्ही! हात वर जात नाही म्हणून कडी कमरेच्या उंचीवर बसवली. जोर लागू नये म्हणून चाकं दोनदा बदलली. झडपा डावीकडे जमा होतात, उजवीकडे हौद आहे, म्हणजे आड काही येत नाही. बाबांनी मूठ धरून ओढली आणि सहाच्या सहा झडपा चुपचाप त्यांच्या मागोमाग गेल्या. गोठ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत ऊन गेलं. बाबांचे डोळे भरून आले होते, पण भुसा गेला म्हणाले, म्हणून मीही भुसाच म्हणतो.

मग हिला बोलावलं. ही हात पुसत आली. मूठ धरली, ओढली, दार वीतभर हललं असेल. थांबली. जरा वळून दुसऱ्या हाताने बघितलं, हौदाला अडखळली, आणि मूठ सोडून दिली. जमत नाही मला, म्हणाली. बाबा म्हणाले, घाबरू नकोस, मी आहे इथे. मीही तेच म्हणालो. तिने आमच्या दोघांकडे बघितलं आणि ती घरात गेली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, की व्यापाऱ्याला निरोप द्या.

ताई, मी हात टेकले. याहून हलकं दार मला करता येणार नाही. दोन दिवस बाबांनी हत्यारांची पेटी उघडलेली नाही. इतक्या दूर बसून तू तरी काय करणार, पण दुसऱ्या कुणाला लिहू?

तुझा
धाकटा


१८ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. बाकी सगळं नंतर, आधी हे वाच.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता मलाही रडू आलं आणि मी तुझीच बाजू घेत होते, की बिचाऱ्यांनी एवढं केलं, तिने निदान प्रयत्न तरी करायचा. तुझे भाऊजी भात कालवत होते. ते म्हणाले, दार डावीकडे जातं ना? मी म्हटलं, हो. आणि उजवीकडे हौद? हो. मग म्हणाले, खांदा कुठला मोडलाय तिचा?

मी म्हटलं, डावा. आणि माझा घास तिथेच राहिला.

ते खरकट्या हातानेच उठले, त्या कपाटासमोर उभे राहिले आणि मला करून दाखवलं. दार डावीकडे न्यायचं तर डाव्या हाताने मूठ धरून चालत जायचं. तो हात अधू असेल तर उजवीकडे उभं राहून उजव्या हाताने ढकलायचं, पण तिथे हौद. नाहीतर दाराकडे पाठ करून उलटं चालत ओढायचं. ज्या बाईवर दार कोसळलंय, तिने दाराकडे पाठ करायची!

तुझ्या लक्षात आलं नाही, बाबांच्या आलं नाही, आणि मी ते पत्र मोठ्याने वाचलं तरी माझ्याही आलं नाही. येणार कसं? आपण तिघंही डावखुरे. आपला हात आपोआप डावीकडे जातो आणि दार तिकडेच सरकायचं असं आपल्याला वाटतं. भाऊजींना कळलं, कारण ते तीस वर्षं आपल्या उलट्या घरात राहिले आहेत. आणि ती बारा वर्षं राहतेय. तुमचे विळे, तुमची कात्री, तुमच्या कड्या, सगळ्यांशी तिने बिनबोभाट जुळवून घेतलं. आता तोच हात गेला तर ती जुळवून घेणार कशाने?

ती जमत नाही म्हणाली तेव्हा ती खरंच तेवढंच सांगत होती, रे. तुम्ही तिला धीर देत बसलात.

बाबांना जपून सांग. केलेलं काम उतरवणं त्यांच्या फार जिवावर येतं. पण सांग.

तुझी
ताई


२६ ऑक्टोबर

चि. सौ. मुलीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चिरंजीवांनी वाचून दाखवलं. तुझ्या यजमानांना सांग की त्यांचं म्हणणं बरोबर आहे. हे लिहायला मला चार दिवस लागले. दार उतरवलं.

दार उजवीकडे न्यायचं तर घडी जाणार कुठे, तिथे हौद. तो हौद मीच बांधला होता, मीच फोडला. पक्का बांधला होता, लवकर फुटेना. मग सूनबाईला बोलावलं आणि इथे उभी राहा म्हटलं, हात सहज पुढे कर. तिचा हात जिथे पडला तिथे पेन्सिलने खूण केली. मूठ आता तिथे आहे. कमरेची कडी फारच खाली होती, वाकावं लागायचं, असं ती म्हणाली. उंबऱ्याची कड गाईंच्या खुराला लागेल म्हणाली, ती तासली. मग म्हणाली की शेवटची झडप स्वतंत्र उघडता यावी, एका माणसाला आतबाहेर करायला सगळं दार कशाला हलवायचं. हे मला सुचायला हवं होतं.

इतकी वर्षं मी दारं केली, पण दार कोण उघडणार आहे त्याला कधी उभं करून पाहिलं नव्हतं. माप नेहमी भोकाचं घेतलं.

गुडघ्यांसाठी तू पाठवलेलं तेल उग्र आहे. वापरतो आहे.

बाबा


९ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

हे म्हणाले, आता तूच लिही, आम्ही दोघांनी लिहिलं की काहीतरी चुकतं. म्हणून लिहिते. भाऊजींना माझा वेगळा नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी एक सरळ हाताची कात्री पाठवते आहे. ती तुम्ही वापरायची नाही.

तुम्ही ह्यांना लिहिलंत की मी खरं तेच सांगत होते. पण ताई, तुम्ही मला जरा जास्तच शहाणी समजलात. मला भीती वाटत होतीच. रोज वाटत होती. सगळे इतक्या मायेने घाबरू नकोस म्हणायचे, की माझं मलाच कळेनासं झालं होतं, हात चालत नाही का मीच चालत नाही. त्या दिवशी दार ओढलं, नाही सरकलं, आणि मनात आलं की संपलं, आता मी कामातून गेले. एका बोटाने सरकणारं दारही मला सरकत नाही. गाई विका असं मी म्हणाले, ते तेव्हा मनापासून म्हणाले. दुसऱ्याच्या हातातून त्यांना रोज पान्हा चोरताना बघण्यापेक्षा त्या गेलेल्या बऱ्या, असं वाटलं होतं.

मामंजींनी मला उभं केलं आणि हात पुढे कर म्हणाले, तेव्हा मला एकदम रडूच फुटलं. तेही गडबडले. पेन्सिल तोंडात धरून उभे राहिले बिचारे.

व्यापारी आला होता. त्याला चहा दिला, गाई दाखवल्या आणि विकायच्या नाहीत हे त्याचा चहा संपल्यावर सांगितलं. हे नव्या दाराशी रोज एकदा तरी चुकतात. डावीकडेच ओढायला जातात, दार ढिम्म हलत नाही, मग इकडे तिकडे बघतात कुणी पाहिलं का म्हणून. मी बघत असते. थोडे दिवस त्यांनाही कळू दे.

पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा हे बाहेर उभे होते. म्हातारी गाय हंबरली आणि मी तिच्या मानेला धरून उभी राहिले, बाकी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी ह्यांना उभं राहू दिलं नाही. सारखी मागे वळून बघत होते, दार आहे ना जागेवर, वारा सुटला का. असं बरेच दिवस चाललं.

आज वारा होता. दूध काढून घरात आले, भांडं खाली ठेवलं, चुलीपाशी जाऊन बसले. हे म्हणाले, बाहेर केवढा वारा सुटलाय. तेव्हा मला कळलं ताई, की मी गोठ्यात गेले, आले, आणि दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

तुमची
भावजय