योगिनीनं पाठवलेला डबा

शमीरपेठ, हैदराबाद
४ ऑगस्ट २०२४

ति. बाबांना,
योगिनीचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, मी खुशाल आहे. यंदापासून आमचे मोबाईल होस्टेलच्या गेटवर जमा करून घेतात. रविवारी अर्धा तास हातात मिळतात, आणि तो अर्धा तास आई आणि तिचे पोहे खाऊन टाकतात. तुमच्यापर्यंत फोन पोचतच नाही, म्हणून हा उद्योग. माझ्या मराठीला हसायचं तर हसा, पण आईला दाखवू नका.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष जड आहे. सिक्युरिटी मॅनेजमेंट म्हणजे कुलपं आणि कॅमेरे, असं मला आधी वाटायचं. आमच्या भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणतात, कुलूप उघडतो माणूसच, तेव्हा तो कुठे मऊ आहे ते आधी शोधा. वर्गात प्रत्येकानं ओळखीतलं एक उदाहरण द्यायचं होतं. मी तुमचं दिलं. औषधांच्या गोदामावर सव्वीस वर्षं गेट नंबर तीन सांभाळणारे माझे बाबा भल्याभल्यांना दाद देत नाहीत, पण कुणी योगिनीचं नाव काढलं की बसवून चहा पाजतात. सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी सहानंतर आम्हाला बाहेर सोडत नाहीत. तुमच्या एजन्सीनं फी भरली, त्याच्या बदल्यात पुढे त्यांच्याकडेच नोकरी करायची बॉन्डची पाच वर्षंही आहेतच. आम्हाला इथे पहारा शिकवतात की आमच्यावरच पहारा आहे, कधी कधी कळत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. रागवलात तरी आठवण काढत राहा.
तुमची,
योगिनी

विद्यानगर, हैदराबाद
१३ ऑगस्ट २०२४

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईला दाखवलंच, आणि दोघं मिळून पोट धरून हसलो. आता ते माझ्या डब्याच्या पिशवीत आहे. गेटवर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला दाखवतो. हौ, चहाही पाजतो, तुझी तक्रार खरी आहे.

गेटवर नवे पास आलेत. सगळे इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. मी पास वाचत बसत नाही बेटा, माणूस वाचतो. सव्वीस वर्षांत माझ्या गेटातून एक चोर आत गेला नाही. हे पण सांग तुझ्या मॅडमला, नुसतं चहाचं काय सांगतेस?

येत्या नोव्हेंबरला नाही, पुढच्या नोव्हेंबरला मी रिटायर होतो. तोवर तू कुठं तरी साहेब होशील. मग मी इस्त्रीचा शर्ट घालून तुझ्या गेटवर येईन आणि सलाम ठोकीन. तेव्हा मला अडवू नको म्हणजे झालं.

बेगम बाजारातून तुझ्यासाठी शेंगदाणे आणलेत, आई चिवडा करून पाठवील. परेशान होऊ नको, कोंडल्यासारखं वाटलं की मला लिही.
आशीर्वाद आहेतच, वेगळे काय लिहू.
तुझे बाबा,
नामदेवराव

शमीरपेठ
२ फेब्रुवारी २०२५

ति. बाबांना,
योगिनीचा जय भीम.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. बुधवारी दुपारी डबा घेऊन जो मुलगा तुमच्याकडे आला, तो रितेश, माझ्या वर्गातला. तो डबा मी पाठवला नव्हता.

शेवटच्या प्रोजेक्टला एका खऱ्या जागेचा पहारा तपासायचा असतो. एजन्सीनं आपल्या जागा दिल्या, चिठ्ठ्या टाकल्या, आमच्या गटाला तुमचं गोदाम आलं. तिथे माझे वडील आहेत, बदलून द्या, असं मी मॅडमना म्हणाले. त्या म्हणाल्या, पुढे नोकरीतही गेट बदलून मिळणार नाही. आत शिरायचं काम रितेशकडे होतं. कसं शिरणार ते त्यानं मला सांगितलं नाही. पण तो येणार हे मला ठाऊक होतं, आणि तुम्हाला सांगायला बंदी होती. त्याआधीच्या रविवारी फोन माझ्या हातात होता. मी आईशी पोह्यांवर बोलले आणि ठेवून दिला. मला खात्री होती बाबा, की तुम्ही त्याला अडवाल.

वर्गात मी जे हसत हसत सांगितलं होतं, तेच त्यानं वापरलं. त्याच्याकडे आतल्या कपाटांचे फोटो आहेत. रिपोर्टवर गटातल्या सगळ्यांची सही लागते, आणि रिपोर्ट एजन्सीचे हिम्मतराव साहेब वाचणार. सही केली तर तुमची नोकरी जाते. नाही केली तर माझं वर्ष जातं, आणि बॉन्डप्रमाणे सगळी फी आपल्या गळ्यात येते. पास का नाही विचारलात हो? सही करू की नको, तुम्हीच सांगा.

काय लिहून संपवू कळत नाही. माझी आशा सोडू नका.
योगिनी

विद्यानगर
११ फेब्रुवारी २०२५

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. राग आला. त्या पोराचा आला, आणि तुझा नाही आला असं लिहिलं तर खोटं होईल.

झालं ते असं. साडेबाराला पोरगा आला, हातात स्टीलचा डबा. म्हणाला, योगिनीनं पुरणपोळी पाठवली आहे. आत हात धुवायला जाऊ का, म्हणाला. मी पास विचारला नाही. तुझं नाव ऐकल्यावर माझ्या डोक्यात पास नावाची वस्तूच राहिली नाही. हात धुवून यायला त्याला बराच वेळ लागला, तरी मला शंका आली नाही. मग त्याला माझ्यासोबत जेवायला बसवलं. माझी योगिनी नीट जेवते ना, असं विचारलं. तो ताटाकडे बघत राहिला. भुकेला असेल असं मला वाटलं. काय म्हणावं माझ्या माणूस वाचण्याला?

सही कर. उद्या त्याच्या जागी खरा चोर आला असता, तर त्यालाही मी पोळी वाढली असती. तू खोटं लिहिलंस तर मग एवढं कशाला शिकवलं तुला? माझं नाव गाळू नको, नीट पुरं लिही.

पोळी मात्र चांगली होती. कुणी केली होती ते विचारून ठेव.
राग जाईल, त्याला थोडे दिवस दे.
तुझे बाबा

शमीरपेठ
२० एप्रिल २०२५

ति. बाबांना,
योगिनीचा जय भीम.

मार्चमध्ये तुम्हाला कामावरून कमी केलं ते आईनं फोनवर सांगितलं. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. आमच्या रिपोर्टला सर्वांत जास्त मार्क मिळाले. मी ते कुणालाच सांगितलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

हिम्मतराव साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं आणि नेमणुकीचा कागद दिला. एक जूनपासून मी सिक्युरिटी ऑफिसर, तुमच्याच गोदामावर. दुसरी कुठलीही जागा द्या, असं मी म्हणाले, तर त्यांनी बॉन्ड पुढे सरकवला. रिपोर्टमधला नियम मीच लिहिला होता: पास नसलेल्या कोणालाही, कोणाच्याही ओळखीवर आत सोडू नये. तो आता लागू झालाय म्हणे. पाच वर्षं रोज मला त्या गेटातून आत जायचं आहे, आणि तिथे तुम्ही नसणार.

पोळी रितेशच्या आईनं केली होती. त्याला तुमच्या पाया पडायचं आहे. मी अजून त्याच्याशी बोलत नाही.

रागात का होईना, चार ओळी पाठवा.
योगिनी

विद्यानगर
२ मे २०२५

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा वर्दी, टोपी आणि शिट्टी परत करायला गेलो होतो. गेट नंबर तीनवर आता करीमनगरकडचे एक गृहस्थ आहेत, नाव मल्लेशम. त्यांनी पास मागितला. माझ्याकडे कुठला पास? तुझा नियम चौकीच्या काचेवर चिकटवलाय. मला इंग्रजी वाचता येईना, तर त्यांनी तेलुगूत समजावून सांगितला, अदबीनं.

ऑफिसातून पास येईपर्यंत बाहेर उभा राहिलो. पाऊण तास झाला असेल. ऊन होतं. सव्वीस वर्षं आतून बघितलेलं गेट, बाहेरून केवढं उंच दिसतं. एक जुना ड्रायव्हर मला ओळखून त्यांना सांगायला निघाला होता, मीच त्याला नक्को म्हटलं. वाईट वाटलं बेटा, लपवून काय करू?

पास आला. मल्लेशमनी तो सावकाश वाचला, माझ्या तोंडाकडे बघितलं, मग सोडलं. माणूस पक्का आहे, त्यांना सांभाळ. रितेशला घरी येऊ दे, आई जेवायला घालील. आणि एक तारखेला मान वर करून आत जा.

उन्हात उभा असताना एकदा अगदी ओठांवर आलं होतं, की इथे येणारी नवी ऑफिसर माझी योगिनी आहे. ते ऐकून त्यांनी कदाचित सोडलंही असतं.

तुझं नाव मी काढलं नाही.

नीट जेवत जा.
तुझे बाबा